न्हाणीघराची फरशी

हैदराबाद शहर ग्रॅनाइटवर उभं आहे. गोवळकोंड्याकडे जा, बंजारा हिल्सकडे जा, नाही तर मौलालीची टेकडी चढा. कुणी हाताने एकावर एक रचून ठेवावेत तसे ते गोलसर धोंडे सगळीकडे दिसतात. त्यांचं वय सुमारे 250 कोटी वर्षं आहे असं भूशास्त्राची माणसं सांगतात. उस्मानिया विद्यापीठाचं आर्ट्स कॉलेज, जिथे मी तीन वर्षं शिकले, तेही गुलाबी झाक असलेल्या ग्रॅनाइटचं. 1939 साली ते बांधून झालं, आणि आजही त्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की माणूस लहान दिसतो.

पण या शहरातल्या कुठल्याही जुन्या घराच्या न्हाणीघरात डोकावून बघा. काचीगुडा असो, सुलतान बाजार असो की बेगम बाजार. पायाखाली ग्रॅनाइट नसतं, करडी, निळसर शहाबादी असते. इथले तेलुगू लोक तिला ‘शाबाद बंडलु’ म्हणतात, आपण ‘शहाबादी फरशी’. उशाशी डोंगरभर दगड असताना माणसांनी शंभर-दोनशे किलोमीटरवरून दुसरा दगड का आणला असेल? आमच्या घरातलं न्हाणीघर नव्याने करायची वेळ आली तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला, आणि मग निघेचना.

आधी शब्दांकडे बघू. ‘फरशी’ हा शब्द आपला वाटतो, पण तो फारसी-अरबीतल्या ‘फर्श’वरून आला. फर्श म्हणजे जे पसरायचं, अंथरायचं ते. ‘न्हाणी’ मात्र अस्सल आपली, स्नानावरून आलेली. घरात भांडी घासायची, पाणी सांडायची ती ‘मोरी’. हैदराबादच्या दख्खनी बोलीत ‘हमाम’ आणि ‘गुसलखाना’. नळकाम करणारा माणूस आज ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतो, म्हणजे फरशीतलं ते जाळीखालचं भांडं, त्याचं आपल्या न्हाणीशी असलेलं नातं उघड आहे. विलायती नळकामाच्या शब्दांमध्ये हा एक देशी शब्द टिकून राहिला, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आंघोळीची जागा नीट बांधायची विद्या इथे नवी नाही. कुतुबशाही कबरींच्या आवारात एक जुना हमाम आहे. राजघराण्यातल्या माणसाचा देह दफनाआधी तिथे धुतला जाई. भिंतींतून मातीच्या नळ्या फिरवून गरम आणि थंड पाणी आणलेलं आहे, मधोमध दगडी चौथरा आहे. गेल्या काही वर्षांत या सगळ्या आवाराची डागडुजी झाली, म्हणून तो आता नीट पाहता येतो. पण राजाचा हमाम वेगळा आणि प्रजेची न्हाणी वेगळी. सामान्य घरात जमीन मातीची, आणि ती शेणाने सारवलेली. सारवलेली जमीन पायाला मऊ, उन्हाळ्यात गार, सगळं खरं. पण तिच्यावर रोज दोन घंगाळं पाणी ओतलं तर आठ दिवसांत चिखल. म्हणून गरिबाच्या घरात दगड पहिल्यांदा आला तो न्हाणीत. देव्हारा मातीचा, चूल मातीची, पण आंघोळीला एक सपाट दगड. त्यावरच धुणं आपटायचं, त्यावरच लेकरांना न्हाऊ घालायचं. बाळंतिणीची आंघोळही त्याच दगडावर. घराची पहिली फरशी बैठकीत नव्हे, बायकांच्या कामाच्या जागी बसली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सापडायची नाही.

आता हा सपाट दगड आणायचा कुठून? ग्रॅनाइट सपाट निघत नाही. ते कठीण, एकसंध असतं. त्याला थर नसतात. त्याचा पातळ तक्ता काढायचा तर कापावं लागतं, आणि हिऱ्याच्या कण्या लावलेल्या यंत्राच्या पात्यांशिवाय ते काम सामान्य घराला परवडेल अशा दरात होत नाही. पाथरवट त्याचे चिरे घडवत, खांब घडवत, किल्ल्यांच्या भिंती रचत; पण दीड-दोन इंच जाडीची फरशी? ती नाही. भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक अगदी उलट स्वभावाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी गाळ बसत गेला, थरावर थर, वहीच्या पानांसारखा. त्या थरांच्या सांध्यात छिन्नी ठेवून हातोड्याने ठोकलं, पहार घातली की दगड स्वतःच पानासारखा उलगडतो. निसर्गानेच फरशी करून ठेवलेली. माणसाने फक्त उचलायची आणि कडा चौकोनी करायच्या. जवळचा दगड सोडून लांबचा आणला त्याचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं उत्तर रेल्वेत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-सोलापूर-रायचूर मार्ग 1871 च्या सुमारास पुरा झाला. शहाबाद हे त्याच मार्गावरचं, गुलबर्गा आणि वाडी यांच्या मधलं स्टेशन. मग 1874 मध्ये निजामाच्या रेल्वेचा वाडी ते सिकंदराबाद फाटा सुरू झाला, आणि त्या मार्गावर तांदूर आलं. एका बाजूने शहाबादचा दगड सोलापूर, पुणे, मुंबईला निघाला. दुसऱ्या बाजूने तो हैदराबादला आला. दगड जड. बैलगाडीने तो फार लांब नेणं परवडत नाही. वाघिणीत घातला की मात्र तो कुठेही जातो. पुण्याच्या वाड्यातली न्हाणी आणि काचीगुड्यातली न्हाणी एकाच खाणीच्या बहिणी असू शकतात, त्या या रुळांमुळे. तांदूर म्हटलं की आमच्याकडे आधी तुरडाळ आठवते, पण तांदूरचा निळा आणि पिवळा दगड त्याच खडकाचा भाऊबंद आहे.

याच फाट्यावर चित्तापूर आणि सेडमच्या मध्ये मळखेड रोड नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. आमचं मूळ गाव गुलबर्ग्याकडचं, त्यामुळे लहानपणी हे नाव शेकडो वेळा वाचलं. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष राजाच्या काळात जैन आचार्यांनी आणि गणितज्ञांनी तिथे ग्रंथ लिहिले. पुढे दहाव्या शतकात पुष्पदंताने अपभ्रंश भाषेतलं महापुराण तिथेच रचलं. आज कागिणा नदीकाठी पडक्या किल्ल्याच्या भिंती आहेत आणि नेमिनाथाची जुनी बसदी आहे. किल्ला त्याच भागातल्या थरांच्या दगडाचा. ज्या दगडाने राजधानी बांधली, तोच हजार वर्षांनी रेल्वेत बसून आमच्या मोरीत आला! मला यात दगडाचा अपमान वाटत नाही, उलट त्याचा मान वाढला असंच वाटतं. किल्ल्याचा उपयोग कधीकाळी होतो, न्हाणीचा रोज.

न्हाणी घराच्या आत कशी आली, तीही एक कथा आहे. जुन्या घरात ती मागच्या अंगणात, विहिरीजवळ असे, म्हणजे सांडपाणी परसातल्या केळीला किंवा अळूला जाई. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला महापूर आला आणि अर्धं शहर वाहून गेलं. हजारो माणसं गेली. निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी पुराला आवर घालायला वरच्या अंगाला धरणं सुचवली, तशीच शहराच्या सांडपाण्याच्या गटारांचीही योजना आखली. उस्मानसागर 1920 मध्ये झाला, हिमायतसागर 1927 मध्ये. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी शहराला पिण्याचं पाणी दिलं. घरात नळ आला, दाराशी गटार आलं, आणि हळूहळू न्हाणी अंगणातून उठून घरात येऊन बसली. बायकांना पहाटे अंधारात अंगणातून जावं लागेना, ही मोठीच सोय. पण त्याबरोबर एक नवी अडचणही आत आली. अंगणातली न्हाणी उन्हा-वाऱ्यात वाळत होती. घरातली वाळेना.

आणि ओल आली की शेवाळ येतं. आमच्याकडे शेवाळ हा नुसता मळ मानत नाहीत; त्यात असंख्य जीव एकत्र राहतात असं शास्त्र सांगतं. त्यामुळे ते आलं की खरवडून काढायचं असं नाही, तर मुळात येऊच द्यायचं नाही. आमच्या सासूबाईंच्या सासूबाई पाणी गाळून घेत आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी परत विहिरीत सोडत. त्याच शिस्तीत आंघोळ झाली की न्हाणीतलं पाणी काढून, जमीन पुसून कोरडी करायची. माझ्या सासूबाईंचं आज ब्याऐंशी चालू आहे, तरी त्या फडकं मारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. घरातली धाकटी मुलं हसायची. मला वाटतं, घसरून पडू नये यासाठी याहून मोठं शास्त्र कुणी सांगितलेलं नाही.

पुढे शहाबादीला स्पर्धक आले. इंग्लंडहून रंगीत नक्षीच्या मिंटन टाइल्स येत, त्या बड्या लोकांच्या हवेल्यांसाठी. 1922 मध्ये मुंबईत फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्सचा कारखाना काढला. ही टाइल भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचं कालवण ओततात, वर कोरडं सिमेंट, मग दाब देतात आणि पाण्यात ठेवून घट्ट करतात. त्याच सिमेंटचं भावंड म्हणजे संगमरवराचे तुकडे घालून घोटलेलं मोझॅक, ज्यावर माझ्या पिढीचं बालपण गेलं. इथे एक गंमत आहे. सिमेंट कशाचं? चुनखडकाचं. शहाबादला सिमेंटचा कारखाना निघाला आणि 1936 मध्ये तो एसीसीत सामील झाला. पुढे वाडीला आणि मळखेडलाही मोठे कारखाने आले. म्हणजे तोच खडक उलगडला तर फरशी, जाळला तर सिमेंट. शहाबादी काढून मोझॅक बसवलं तरी आपण भीमेच्या खोऱ्यातून बाहेर पडलो नव्हतो.

1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, शहाबाद म्हैसूरमध्ये, तांदूर आंध्रात. आमच्यासारखी मराठी घरं हैदराबादेत राहिली ती राहिलीच. सोयरीक एका राज्यात, शेत दुसऱ्यात, घर तिसऱ्यात. दगडाला मात्र कुणी सीमा विचारली नाही.

खरा बदल झाला तो भाजलेल्या, चकचकीत टाइलमुळे. आज देशातल्या सिरॅमिक टाइल्सचा मोठा वाटा गुजरातच्या मोरबीतून येतो. हे तेच मोरबी, जिथे 11 ऑगस्ट 1979 ला मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि गाव पाण्याखाली गेलं. पाण्याने उद्ध्वस्त केलेलं गाव आज सगळ्या देशाच्या न्हाणीघरांना पाणी न पिणारी टाइल पुरवतं. माणसं कशी उभी राहतात बघा.

आता आमचा मामला. काचीगुड्याच्या घरातल्या फरश्या खचल्या होत्या, दरजा उघड्या पडल्या होत्या, आणि शेजारच्या भिंतीला ओल धरली होती. नवी फरशी बसवणं भागच होतं. घरात मतं दोन. मुलगा आणि दीर म्हणत होते, पांढरी, आरशासारखी टाइल लावू, स्वच्छ दिसेल. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “स्वच्छ दिसायला नको, पाय टिकायला हवा.” त्यांच्या दोन मैत्रिणींचं खुब्याचं हाड न्हाणीघरातच मोडलं होतं, एक त्यानंतर अंथरुणातून उठलीच नाही. ब्याऐंशीव्या वर्षी घसरणं म्हणजे काय, हे दुकानातल्या विक्रेत्याला कळत नसतं. त्याच्या लेखी टाइल ही पाहायची वस्तू असते, उभं राहायची नव्हे.

म्हणून मी वाचायला बसले. समजलं ते असं. टाइल पाणी किती पिते यावर तिची जात ठरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. भिंतीची चकचकीत टाइल दहा टक्क्यांहून अधिक शोषते. ती जमिनीवर लावायचीच नसते, तरी स्वस्त म्हणून लावतात. पाणी न पिणं वेगळं आणि न घसरणं वेगळं. दुकानात या दोन्ही गोष्टी एकच असल्यासारख्या सांगतात. घसरण मोजायला जर्मनांनी एक चाचणी काढली आहे. माणसाला ओल्या फरशीवर चालायला लावून फरशी हळूहळू तिरपी करत नेतात, आणि तोल कधी जातो ते बघतात. बूट घालून, तेलाच्या फरशीवर केलेल्या चाचणीचे आकडे आर-9 ते आर-13. अनवाणी आणि ओल्या पायांसाठी वेगळी चाचणी आहे, तिच्या पायऱ्या ए, बी, सी. सी सर्वांत पकडीची. आपण न्हाणीत बूट घालून जात नाही, तेव्हा विचारायचं ते अनवाणी पायाचं. मी चार दुकानांत विचारलं. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साडीच्या दुकानात तिचं वजन विचारतेय. चौथ्याने आतून कागद आणून दाखवला. टाइल त्याच्याकडून घेतली.

मग शहाबादीच का नाही पुन्हा? मोह झाला होता. टाकी लावलेली शहाबादी पायाला जी पकड देते, ती विसरता येत नाही. पूर्वी पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली दारावर येई, तशीच न्हाणीचा दगड गुळगुळीत झाला तर त्यालाही टाकी लावून घेत. आता ती बाई येत नाही. दुसरं कारण ॲसिड. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. भांड्यांवर, नळांवर, फरशीवर पांढरे डाग धरतात. डाग काढायला लोक ॲसिड ओततात. चुनखडक आणि ॲसिड यांचं हाडवैर. फेस येतो, तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. शहाबादी, तांदूर, कडप्पा, संगमरवर, सगळ्यांची हीच गत; ग्रॅनाइट तेवढं तग धरतं. टाइलवर काही होत नाही म्हणावं तर तिच्या दरजांमधलं सिमेंट ॲसिडने झिजतं आणि तिथून गळती सुरू होते. आणि ॲसिडबरोबर ब्लीचिंग पावडर वापरली तर क्लोरिन वायू निघतो. खिडकी नसलेल्या चार बाय सहाच्या खोलीत तो कुणाच्या छातीत जातो? घासणाऱ्या बाईच्या. फरशी निवडतात एक, घासतात दुसऱ्या. इतक्या शतकांच्या इतिहासात ही एक गोष्ट बदललेली नाही.

शेवटी ठरलं ते असं. जमिनीला खरबरीत, राखाडी, लहान आकाराची टाइल. लहान अशासाठी की दरजा जास्त येतात आणि दरजांनाही पाय धरतो. शिवाय लहान टाइलला ढाळ नीट देता येतो. ढाळ मीटरला एक-दीड सेंटिमीटर, ट्रॅपच्या दिशेने. गवंडी “इतका कशाला” म्हणाला; मी बादलीभर पाणी ओतून दाखव म्हटलं. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी राहील असा खोल घेतला, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. दरजांत एपॉक्सी. भिंतीला धरायला एक दांडा. वर एक झरोका मोठा केला, कारण कुठल्याही टाइलपेक्षा वारा स्वस्त. आणि कोपऱ्यात, सासूबाईंच्या शब्दाखातर, एक जुनी शहाबादी तशीच बसवली, पाट ठेवायला. त्यांची आंघोळ आजही तिथेच होते, आणि फडकंही आजही मारलं जातं. ॲसिडची बाटली घरात आणायची नाही, डागांवर व्हिनेगर नाही तर लिंबू, तेही शहाबादीपासून लांब, हा नियम मी केला.

उखडलेल्या फरश्या अंगणात रचून ठेवल्या होत्या. सत्तर-ऐंशी वर्षांच्या वापराने वरची बाजू साबणासारखी गुळगुळीत झालेली. उलट्या केल्या तर खालची बाजू खाणीतून निघाली तशी कोरी, छिन्नीच्या खुणांसकट. भंगारवाला दोनशे रुपये देत होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने विचारलं, “अक्का, चार मला द्याल का? आमच्या इथे आंघोळीला नुसती माती आहे.” चार नाही, आठ नेल्या तिने, ऑटोत घालून. उलट्या बसवायच्या, खालची बाजू वर, एवढं तिला सांगितलं.